‘कान्हा’ : एका राष्ट्रीय उद्यानाच्या नावाचा अर्थ व वापर

स्थळांची नावे आपण नित्य उच्चारतो; परंतु त्यांचा अर्थ काय, ती कोणी व कशावरून दिली, याचा विचार करण्याची वेळ क्वचितच येते. मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे नाव आज देशभर परिचित आहे. वाघ व बारशिंगा यांच्या संदर्भात ते पाठ्यपुस्तकांत येते, शासकीय परिपत्रकांत येते, सहलीच्या जाहिरातींतही येते. या नावाचा अर्थ विचारला तर बहुतेक मराठी वाचक विनाविलंब सांगतील की, कान्हा म्हणजे श्रीकृष्ण. हे उत्तर अगदी सहज सुचते, आणि म्हणूनच ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. पहिली, ‘कान्हा’ या नावाचा अर्थ कसा ठरवावा; आणि दुसरी, लेखनात व व्यवहारात या नावाचा वापर कसा करावा. दुसरा प्रश्न वरवर पाहता केवळ भाषेचा वाटेल. परंतु जंगलाच्या कडेला ज्यांची शेते व गुरे आहेत, त्यांच्या दृष्टीने या एका शब्दाचा ढिला वापर हक्कांविषयी मोठा गैरसमज उत्पन्न करू शकतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

स्थान आणि नावाचा विस्तार

कान्हा राष्ट्रीय उद्यान मध्य प्रदेशाच्या मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत, सातपुड्याच्या मैकल रांगेत वसले आहे. बालाघाट जिल्ह्याची दक्षिण सीमा महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला भिडते. उद्यानाच्या प्रदेशात दोन मुख्य खोरी आहेत : पश्चिमेकडील बंजर नदीचे आणि पूर्वेकडील हालोन नदीचे. या दोन्ही नद्यांचे पाणी अखेरीस नर्मदेस मिळते.

‘कान्हा’ हे मुळात एवढ्या मोठ्या प्रदेशाचे नाव नव्हते. ते एका वनग्रामाचे आणि त्याच्या भोवतीच्या गवताळ मैदानाचे नाव होते. १९३३ साली बंजर खोऱ्यातील सुमारे २५० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून राखण्यात आले. १९५५ साली राज्याने स्वतंत्र कायदा करून त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. पुढे क्षेत्र वाढत गेले. १९७६ साली हालोन खोऱ्याचा भाग जोडला गेला आणि उद्यानाचे क्षेत्र ९४० चौरस किलोमीटर झाले. तत्पूर्वी, १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्ह्याचा समावेश होता. आज भोवतालचे बफर क्षेत्र धरून या व्याघ्र राखीव क्षेत्राचा विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे.

अशा रीतीने एका लहानशा गावाचे नाव मैदानाला, मैदानाचे नाव अभयारण्याला, अभयारण्याचे उद्यानाला आणि उद्यानाचे नाव दोन जिल्ह्यांतील विस्तीर्ण प्रदेशाला मिळत गेले. नावाचा अर्थ शोधताना त्याच्या मूळ जागी, म्हणजे त्या गावाच्या मैदानावर जाणे भाग आहे. सध्याच्या सीमेकडे पाहून तो उलगडणार नाही.

१९५५ हे वर्ष मराठी वाचकांना आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती व विदर्भाचे आठ मराठी जिल्हे त्याच राज्यात होते. चंद्रपूर भागातील ताडोबा हे उद्यानही त्याच वर्षी त्याच राज्यात अस्तित्वात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ही दोन भावंडे दोन राज्यांत विभागली गेली. ताडोबाचे नाव गोंड समाजाच्या एका देवतेवरून आले आहे. कान्ह्याचे नाव कशावरून आले, ते आता पाहू.

अर्थाची तीन स्पष्टीकरणे

‘कान्हा’ या नावाची तीन स्पष्टीकरणे ऐकावयास मिळतात. ती पारखण्यासाठी आपण तीन कसोट्या लावू : उच्चाराचे साम्य आहे काय, ते स्पष्टीकरण त्या जागेच्या स्वरूपाशी जुळते काय, आणि तेथील रहिवाशांच्या नित्य बोलण्यात त्या शब्दाचा वापर आहे काय. केवळ पहिल्या कसोटीवर विसंबून जे अर्थ लावले जातात त्यांस लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकव्युत्पत्ती रंजक असते. मात्र तिला पुराव्याचे स्थान देता येत नाही.

पहिले स्पष्टीकरण श्रीकृष्णाचे. संस्कृत ‘कृष्ण’ शब्दाचे प्राकृतात ‘कण्ह’ झाले आणि त्यावरून ‘कान्ह’, ‘कान्हा’, ‘कान्होबा’ ही रूपे आली. ही परंपरा सिद्ध आहे व उच्चाराचे साम्य तर पूर्णच आहे. परंतु दुसरी कसोटी लावली की अडचण येते. या मैदानाभोवती ज्या पौराणिक कथा प्रसिद्ध आहेत त्या कृष्णचरित्रातल्या नसून रामायणातल्या आहेत. येथील एका तळ्यास ‘श्रावण ताल’ म्हणतात. आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी भरण्यास आलेल्या श्रावणकुमाराचा येथेच दशरथाच्या बाणाने अंत झाला, अशी समजूत आहे. जवळच ‘दशरथ मचाण’ व ‘श्रावण चिता’ अशी ठिकाणेही दाखविली जातात. तात्पर्य, लोकांच्या स्मरणाने या परिसराचा संबंध ज्या कथेशी जोडला ती निराळी आहे.

येथे एक मराठी उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. ‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’पासून आले व तेथील प्राचीन लेखांत ‘कण्हसेल’ असे रूप आढळते. त्या नावातील ‘कृष्ण’ म्हणजे देव नव्हे. काळ्या पाषाणाचा डोंगर असा त्याचा सरळ अर्थ आहे. ‘कृष्ण’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘काळा’ असा आहे. म्हणून एखाद्या ग्रामनामात ‘कान्ह’ ऐकू आले की तेथे देवच असला पाहिजे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

दुसरे स्पष्टीकरण असे की, या वनग्रामात कण्व नावाचे एक साधुपुरुष राहत होते व त्यांच्यावरून ‘कान्हा’ हे नाव पडले. ऋषी किंवा साधूवरून गावाचे नाव पडल्याच्या कथा आपल्याकडे अनेक आहेत. ग्वाल्हेरचे नाव ग्वालिपा या सिद्धपुरुषावरून पडले, ही कथा तेथील वाचकांस ठाऊकच असेल. परंतु कण्व म्हणताच श्रोत्याच्या मनात शकुंतलेचे पालक कण्व उभे राहतात, आणि त्यांचा आश्रम महाभारतात मालिनी नदीच्या तीरी सांगितला आहे. परंपरा तो हिमालयाच्या पायथ्याशी मानते. तेव्हा हे साधुपुरुष त्या नावाचे निराळे कोणी समजावे लागतात. शिवाय ‘कण्व’मधील ‘ण्व’चे ‘न्ह’ कसे झाले, हेही सांगावे लागते. स्थानिक श्रद्धा म्हणून या कथेचा आदर करावा. व्युत्पत्ती म्हणून ती दुबळी आहे.

तिसरे स्पष्टीकरण मातीचे आहे. या प्रदेशाच्या बोलीत चिकण, भारी मातीस ‘कन्हार’ म्हणतात. खोऱ्याच्या तळाशी, मैदानाच्या सखल भागी हीच माती आढळते. ‘कन्हार’ ते ‘कान्हा’ या रूपांतरात पहिला स्वर दीर्घ झाला व शेवटचा ‘र’ लोपला, एवढाच फरक आहे. म्हणजे पहिल्या कसोटीस हे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी उतरते. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस मात्र ते निर्विवाद उतरते. कारण माती प्रत्यक्ष त्या जागी आहे आणि शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. म्हणूनच हा अर्थ सामान्यतः ग्राह्य मानला जातो. कन्हार शब्दाचा संबंध उद्या कोणी ‘कण्ह’ म्हणजे काळा या शब्दाशी जोडून दाखविला, तरीही तो जोड रंगामुळे असेल, देवतेमुळे नसेल.

‘कन्हार’ हा शब्द आपलाही आहे

मराठी वाचकांस ‘कन्हार’ हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. भंडारा व गोंदिया या धान पिकविणाऱ्या जिल्ह्यांत जमिनीची प्रतवारी कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशा नावांनी करतात. तिकडे छत्तीसगडमध्ये कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशी परंपरागत वर्गवारी आहे. दोन्हीकडे ‘कन्हार’चा अर्थ तोच आहे : खोल, काळसर, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी जमीन. ही माती ओली झाली की फुगते व पायाला चिकटते; वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तीत पाणी साचते, पण पाऊस संपल्यानंतरही ओल दीर्घकाळ टिकते. म्हणूनच शेतकरी तिला मोलाची मानतो.

मातीवरून जागा ओळखण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. महाराष्ट्रात गावाच्या शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. गोव्यात भातशेतीच्या जमिनींस खाजन, केर व मोरड अशी नावे आहेत. येथे सावधगिरीही हवी. गोव्याचे ‘मोरड’ म्हणजे उंचावरील जमीन आणि भंडाऱ्याचे ‘मोरंड’ म्हणजे मातीचा एक प्रकार. उच्चार जवळचे असले तरी दोहोंस एक मानू नये.

मातीप्रमाणे झाडांवरून पडलेली नावेही विपुल आहेत. बडोद्याच्या नावात वटवृक्ष आहे. बेळगावच्या जुन्या ‘वेणुग्राम’ या नावात वेळू आहे. जमीन, झाड, पाणी यांवरून पडलेली नावे ही त्या भूमीवर राबणाऱ्या लोकांनी दिलेली असतात. त्यांत त्या भूमीविषयीचे ज्ञान साठलेले असते. कान्ह्याच्या नावात कोणते ज्ञान साठले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

नाव भूमीविषयी काय सांगते

कान्ह्यास जाणाऱ्याच्या प्रथम नजरेत भरते ती तेथील रचना. टेकड्यांच्या उतारांवर व पायथ्याशी साल वृक्षाचे उंच, घनदाट वन आणि मध्ये अकस्मात उघडे होणारे विस्तीर्ण गवताळ मैदान. (येथे ‘साल’ म्हणजे झाडाची साल नव्हे, तो एका वृक्षाचे नाव आहे.) हे मैदान का उघडे आहे? त्याचे उत्तर नावातच आहे. सखल भागातील कन्हार माती पावसाळ्यात पाणथळ होते आणि हिवाळ्यात त्याच सखल भागी थंड हवा उतरून धुके व दव गोठते. सालाची कोवळी रोपे अशा जागी तग धरीत नाहीत. गवत मात्र जोमाने वाढते.

दुसरे कारण मनुष्याचे आहे. ज्या मातीस शेतकऱ्याने ‘कन्हार’ म्हणून नावाजले ती त्याने कसली असणारच. बैगा व गोंड समाजांची गावे या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या होती. आज जी मैदाने पर्यटक पाहतात त्यांतील पुष्कळशी पूर्वीची शेते व गावठाणे आहेत. नांगर थांबला, वस्ती हलली, आणि शेताच्या जागी गवत वाढले.

या गवतावर बारशिंग्याचे जीवन अवलंबून आहे. मध्य भारतातील बारशिंगा ही कठीण भूमीवर वावरणारी उपजात असून तिचे खाणे जवळजवळ सर्वस्वी गवत हेच आहे. उंच गवतात मादी आपले पाडस लपविते. १९३८ सालच्या सुमारास येथे सुमारे तीन हजार बारशिंगे होते. १९७० साली ते अवघे ६६ उरले. पुढे मैदाने राखण्यात आली, गवताची निगा घेतली गेली, कुंपण घालून काही प्राणी सुरक्षित वाढविण्यात आले. त्यामुळे त्यांची संख्या पुन्हा वाढून हजाराच्या आसपास आली. २०१५ साली सातपुडा व्याघ्र क्षेत्रात आणि २०२३ साली बांधवगडात कान्ह्याचे बारशिंगे नेऊन सोडण्यात आले. आज मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी असलेल्या या हरणाचे रक्षण ज्या भूमीने केले, ती हीच कन्हार भूमी होय.

गेलेल्या गावांची नावे

या यशाची दुसरी बाजू विसरता येत नाही. मैदाने मोकळी करण्यासाठी १९६९ च्या सुमारासपासून उद्यानातील गावे बाहेर हलविण्यास प्रारंभ झाला आणि पुढील तीन दशकांत दोन डझनांहून अधिक गावे हलविण्यात आली. विस्थापितांत मुख्यतः बैगा व गोंड कुटुंबे होती. ज्या जंगलातून कंदमुळे, मोहफुले, औषधी वनस्पती मिळत, ज्याच्या प्रत्येक ओढ्यास व टेकडीस त्यांनी नाव दिले होते, ते जंगल त्यांना सोडावे लागले.

त्यांच्या गावांची नावे मात्र तेथेच राहिली. सौंफ, बिशनपुरा, रौंदा ही आज कान्ह्यातील गवताळ मैदानांची नावे आहेत. बारशिंग्याचा कळप पाहण्यासाठी थांबलेल्या प्रवाशास मार्गदर्शक ‘हे सौंफ मैदान’ असे सांगतो. सौंफ हे एकेकाळी घरे, खळी, देवस्थान असलेले गाव होते, ही गोष्ट त्या प्रवाशाच्या ध्यानात येईलच असे नाही. अशा स्थळी नाव हाच इतिहासाचा उरलेला पुरावा असतो. नाव बदलले किंवा त्याचा अर्थ चुकीचा लावला, तर तो पुरावाही नाहीसा होतो. ‘कान्हा’ शब्दाचा अर्थ ‘कृष्ण’ असा एकदा ठरवून टाकला की त्या मातीला नाव देणारा शेतकरी आपल्या दृष्टीआड होतो. व्युत्पत्तीच्या चर्चेचे खरे महत्त्व येथे आहे.

आणखी एका शब्दाविषयी मराठी वाचकांनी सावध राहावे. उद्यानातील एका उंच ठिकाणास ‘बम्हनी दादर’ म्हणतात. मराठीत ‘दादर’ म्हणजे जिना. परंतु मैकल प्रदेशात ‘दादर’ म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट पठार. आपल्या भाषेतील अर्थ दुसऱ्या बोलीतील शब्दावर लादला की कशी चूक होते, याचे हे सोपे उदाहरण आहे.

लेखनात नावाचा वापर

आता व्यवहाराकडे वळू. प्रथम शुद्धलेखनाचा प्रश्न. नाव ‘कान्हा’ असे लिहावे. त्यातील जोडाक्षर ‘न्ह’ आहे, उन्हाळा, पन्हाळा, तान्हा या शब्दांत असते तसे. ‘कान्हा’, नागपूरजवळची ‘कन्हान’ नदी आणि मुंबईचे ‘कान्हेरी’ ही तीन निराळी नावे आहेत. मुद्रणात त्यांची अदलाबदल होऊ नये. हैदराबादजवळ रंगारेड्डी जिल्ह्यातही कान्हा नावाचे गाव आहे. म्हणून पत्रव्यवहारात पहिल्या उल्लेखाबरोबर जिल्हा व राज्य यांचा निर्देश करणे इष्ट.

विभक्तीच्या रूपांविषयी शिक्षकांस नेहमी शंका येते. मराठीत आकारान्त पुल्लिंगी स्थलनामांचे सामान्यरूप ‘या’कारान्त होते : गोवा – गोव्यात, आग्रा – आग्र्यास, बडोदा – बडोद्याचा. त्याच रीतीने कान्हा – कान्ह्यात, कान्ह्यास, कान्ह्याचा ही रूपे मराठीस स्वाभाविक आहेत. शासकीय लेखनात मूळ नाव अबाधित ठेवावयाचे असल्यास ‘कान्हा येथे’ किंवा ‘कान्हा राष्ट्रीय उद्यानात’ असे लिहावे. बोलण्यात ‘कान्हा-किसली’ असा जोडशब्द रूढ आहे. किसली हे प्रवेशाच्या बाजूचे ठिकाण असून त्याच नावाचा एक विभाग उद्यानात आहे. संपूर्ण उद्यानाचे ते दुसरे नाव नव्हे.

परंतु सर्वांत अधिक दक्षता हवी ती नावापुढे येणाऱ्या शब्दांविषयी. नुसते ‘कान्हा’ म्हटल्याने चार निरनिराळ्या गोष्टींचा बोध होऊ शकतो :

१. कान्हा मैदान किंवा कान्हा वनपरिक्षेत्र. हा उद्यानाचा एक भाग आहे. किसली, मुक्की, सरही हे त्याच्यासारखेच इतर भाग होत.

२. कान्हा राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अनुसार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गुरे चारण्यास मनाई असते व तेथील जमिनीवरील खाजगी हक्क शासनाकडे निहित झालेले असतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानाचे बंधन त्याहून कडक आहे.

३. कान्हा व्याघ्र राखीव क्षेत्राचा गाभा. २००६ साली अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार गाभा क्षेत्र वाघांसाठी निर्वेध राखावयाचे असते. तेथून कोणास हलवावयाचे असल्यास ते स्वेच्छेने, परस्परसंमत अटींवर आणि ग्रामसभेच्या माहितीपूर्ण संमतीनेच व्हावे, असे त्याच दुरुस्तीत म्हटले आहे.

४. कान्हा व्याघ्र राखीव क्षेत्राचा बफर भाग. येथे गावे आहेत, शेते आहेत. वन्यजीव व मनुष्य यांचे सहजीवन हा या भागाचा हेतू असून स्थानिकांच्या उपजीविकेच्या, विकासाच्या, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांची दखल कायद्याने घेतली आहे. त्याची सीमा ठरविताना संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करणे आवश्यक असते.

आता पुढील वाक्य पाहावे : “कान्हात चराईस बंदी आहे.” हे वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले तर बफर भागातील शेतकऱ्याने त्याचा काय अर्थ घ्यावा? त्याचे गावही लोकांच्या बोलण्यात ‘कान्हात’च आहे. स्वतःच्या शेताच्या बांधावर गुरे नेण्यासही बंदी आहे असे तो समजेल, किंवा उलट, अशी सूचना नेहमीचीच म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करील. दोन्ही गोष्टी अनिष्ट आहेत. हेच वाक्य असे लिहिता येईल : “कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गुरे चारण्यास मनाई आहे. बफर क्षेत्रातील राखीव वन, महसुली जमीन व खाजगी शेतजमीन यांना निरनिराळे नियम लागू आहेत.” चार शब्द अधिक पडले, परंतु वाचणाऱ्याला आपली जागा कळली.

अशीच गफलत ‘कान्ह्यातील गावे हलविणार’ या प्रकारच्या वाक्यात होते. गाभ्यातील गाव आणि बफरमधील गाव यांची कायदेशीर स्थिती एक नाही. वाक्य अर्धवट असेल तर ज्या शेकडो कुटुंबांचा त्या निर्णयाशी संबंधच नाही त्यांचीही झोप उडते. बातमी देणाऱ्याने, सूचना लिहिणाऱ्याने आणि सभेत बोलणाऱ्याने हा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे.

हा प्रश्न केवळ कान्ह्यापुरता नाही. गोव्यातील एकाच वनप्रदेशात भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान अशी दोन नावे आहेत व ती कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न क्षेत्रांची आहेत. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानास २०२५ साली व्याघ्र राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यामुळे तेथील गावकऱ्यांनीही आता ‘उद्यान’, ‘गाभा’ व ‘बफर’ हे शब्द नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शिक्षकांसाठी अभ्यास

वरील विवेचन वर्गात उपयोगी पडावे म्हणून काही उपक्रम सुचवितो.

१. विद्यार्थ्यांनी आपल्या गावशिवारातील दहा जागांची नावे (शेत, ओढा, टेकडी, तळे, माळ) वडीलधाऱ्यांना विचारून लिहावीत. नाव ज्या बोलीत सांगितले गेले त्याच रूपात लिहावे. ‘सुधारून’ लिहू नये.

२. प्रत्येक नाव माती, झाड, पाणी, व्यक्ती, देवता किंवा घटना यांपैकी कोणत्या वर्गात येते ते ठरवावे आणि उच्चार, जागा व वापर या तीन कसोट्या लावाव्यात.

३. आपल्या भागातील जमिनीच्या प्रकारांची स्थानिक नावे गोळा करून प्रत्येकाची मूठभर माती बाटलीत भरावी. पाणी घालून हलवावी व स्थिर झाल्यावर वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर पाहावेत. भारी मातीत चिकणमातीचा थर किती जाड असतो हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल आणि ‘कन्हार’ शब्दाचा अर्थ पाठ करावा लागणार नाही.

४. जवळपास अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असल्यास त्याचे अधिकृत पूर्ण नाव, दर्जा व आपले गाव त्याच्या कोणत्या भागात येते हे ग्रामपंचायतीतून किंवा वन विभागाच्या कार्यालयातून माहीत करून घ्यावे आणि शाळेच्या फलकावर लिहावे.

५. धरण, रस्ता किंवा वनसंरक्षण यांमुळे हललेले एखादे गाव माहितीत असल्यास तेथून आलेल्या वृद्धांकडून जुन्या गावातील जागांची नावे टिपून ठेवावीत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण ती नावे फार थोड्या लोकांच्या स्मरणात उरली आहेत.

पाचवा उपक्रम ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी प्रथम तोच हाती घ्यावा. वह्या शाळेत जपून ठेवाव्यात व त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.